पोटातली चौदा इंजेक्शनं

पुणे जिल्ह्यातल्या निरगुडसरला आमच्या लहानपणी कुणाला कुत्रं चावलं की गाव दोन गोष्टी विचारायचं. कुत्रं कुणाचं, आणि चौदा चालू केली का? पहिल्याचं उत्तर लगेच मिळायचं, कारण तेव्हा बहुतेक कुत्र्यांना घर असायचं. कुणाच्या वस्तीवरचा मोत्या, कुणाच्या खळ्यात झोपणारा वाघ्या. मालक त्याला दाव्यानं बांधायचा आणि दहा दिवस सगळी आळी त्याच्याकडं बघत राहायची. खातंय का, पाणी पितंय का, आवाज बदललाय का. दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता, असं आजचे डॉक्टरही सांगतात.

दुसऱ्या प्रश्नात ‘इंजेक्शनं’ हा शब्द लागतच नसे. नुसतं ‘चौदा’ म्हटलं की पोरांच्या पोटात गोळा यायचा. आज साठीच्या आसपास असलेल्या कुणाहीसमोर कुत्रं चावल्याचा विषय काढा, त्याचा हात आपसूक बेंबीकडं जातो.

मला चावलेलं कुत्रं बेवारशी होतं. कांद्याची काढणी चालली होती. बांधावरून पळताना त्यानं पोटरी धरली, सोडली आणि ओढ्याकडं निघून गेलं. आजीनं जखमेत चुना भरला. चुलतीनं वर तिखट दाबलं, कारण तिखट विष ओढून घेतं म्हणत. कुणीतरी विळा तापवायला घेतला होता, तो तात्यांनी चुलीतून काढून फेकला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. “आरं, डाग कसला देता? पोराला दवाखान्यात न्यायचं बघा,” एवढंच बोलून त्यांनी सायकल काढली. त्या बायकांची माया मी आजही विसरलेलो नाही. त्यांच्या हाताशी जे होतं, ते त्यांनी केलं. पण खरं औषध त्याच अंगणात पडलेलं होतं. पाचशे एकचा साबण आणि पाणी. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं विरघळतं. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली, तर तिथले कितीतरी विषाणू वाहून जातात. तेव्हा हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी भर उन्हाळ्यात पंधरा मिनिटं वाहतं पाणी आणायचं कुठून? डिंभे धरणाचं पाणी अजून कालव्यानं यायचं होतं. विहिरीनं तळ गाठला होता आणि एकेक घागर मोजून वापरली जात होती.

दवाखाना तालुक्यातला, सरकारी. कंपाउंडर काचेची सिरिंज आणि सुया स्टोव्हवर उकळत ठेवायचे. पाण्याला उकळी फुटली की आतल्या सुया भांड्याच्या तळाशी खडखडायच्या, आणि बाकावर बसलेली आम्ही पोरं तो आवाज ऐकून गप्प व्हायचो. औषध गढूळ, पांढरट. कंपाउंडर पोटाची कातडी चिमटीत धरायचे, स्पिरिटचा बोळा फिरवायचे आणि सुई तिरकी आत सारायचे. आज बेंबीच्या डावीकडं, उद्या उजवीकडं, परवा जरा खाली. काही दिवसांनी पोटभर गाठी झाल्या. मग कंपाउंडर बोटानं चाचपून मोकळी जागा शोधायचे. सदऱ्याचं खालचं बटण लावलं तरी दुखायचं. आंबट बंद, तेलकट बंद, पळापळ बंद.

तरीही त्या दिवसांची आठवण निघाली की मन भरून येतं, ते माणसांमुळं. रोज सकाळी तात्या सायकलच्या नळीवर गोणपाट बांधून मला बसवायचे. सुगीच्या दिवसांत त्यांचा अर्धा दिवस मोडायचा, पण ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत. परत येताना मंचरच्या बाजारात एखादी गुडदाणी मिळायची. वाटेत अवसरीच्या शिवारात भेटलेला माणूस सायकल थांबवून विचारायचा, “कितवं झालं?” ओळखीचा असो वा नसो. शाळेत गुरुजींनी मला उठाबशांतून सूट दिली होती. एका पोराचं इंजेक्शन म्हणजे चार वाड्यांची काळजी होती. आज सुया खूप कमी झाल्या, त्याबरोबर ती विचारपूसही कमी झाली. या बदलात मला खरोखर हरवल्यासारखं वाटतं ते एवढंच. बाकी सगळं, अगदी सगळं, आजचं चांगलं आहे.

त्या गढूळ औषधात काय होतं, हे मला मोठेपणी कळलं. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली तयार केलेली ती लस होती. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, मेंदू घोटायचा आणि फिनॉलनं विषाणू मारायचा. दर साली आमच्या रानात खतासाठी धनगरांची मेंढरं बसायची. त्याच जातीच्या जनावराचा मेंदू आपल्या पोटात टोचला जातोय, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. त्या मेंदूच्या पेशींमुळं काही जणांना उलट लकवा व्हायचा. लस म्हणून ती दुबळीही होती, म्हणून तर इतक्या वेळा टोचावी लागायची. भारतानं तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबवलं. म्हणजे पोटातली इंजेक्शनं ही काही फार जुनी गोष्ट नाही. एकविसावं शतक उजाडल्यावरही ती कुठं ना कुठं चालू होती.

पण आम्ही जे आठवत बसतो ते सुयांचं दुखणं, आणि त्या गडबडीत मोठी उणीव विसरली जाते. चौदाच्या चौदा वेळेवर घेऊनही काही माणसं जात. आमच्या पलीकडच्या वस्तीवरच्या एका लहान मुलीला पिसाळलेल्या कुत्र्यानं गालाला धरलं होतं. तिला दवाखान्यात नेलं होतं, इंजेक्शनं चालू होती. तरी ती गेली. तेव्हा गावानं नशिबाला बोल लावला.

ती का गेली, याचं कारण विषाणूच्या चालीत आहे. चावा बसला की हा विषाणू रक्तात शिरत नाही. तो जखमेच्या आसपास स्नायूत रेंगाळतो, मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि त्या तंतूतून मेंदूकडं सरकू लागतो. पोटरीपासून मेंदू लांब, गालापासून अगदी जवळ. एकदा तो मज्जातंतूत दडला की शरीराच्या फौजेला सापडत नाही, आणि मेंदूत पोचून लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, असंच जवळपास म्हणावं लागतं. इकडं लस घेतल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायला आठवडा ते दोन आठवडे घेतं. लस म्हणजे पेरणी आहे. पीक खळ्यात यायला वेळ लागणार, आणि तोवर घरात खायला उसनी ज्वारी लागते. त्या मुलीला पेरणी मिळाली, उसनवार, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं, कुणी आणून दिली नाही.

ही उसनी प्रतिपिंडं माणसाला वाचवतात, याची पक्की खूण इराणमध्ये पटली. १९५४ साली तिथल्या एका खेड्यात एका पिसाळलेल्या लांडग्यानं एका रात्रीत २९ जणांना फाडलं. त्यांतल्या १८ जणांना डोक्याला चावे होते. तेहरानच्या पाश्चर संस्थेत उपचार झाले. डोक्याला चावलेल्यांपैकी पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यांतले तीन दगावले. तेरा जणांना लसीबरोबर सीरम, म्हणजे ही उसनी प्रतिपिंडं, मिळालं, त्यांतला एकच गेला. ज्याच्या कवटीतून दात आत गेले होते, तो सहा वर्षांचा मुलगा सीरमच्या सहा मात्रांवर जगला. हे वाचलं तेव्हा मला गालावर जखम असलेली ती पोर आठवली. उपाय जगाला माहीत झाला होता. आमच्या वाटेनं तो यायचा राहिला होता.

उसनी प्रतिपिंडं म्हणजे मूळ घोड्याची. घोड्याला थोडं थोडं विष किंवा मारलेला विषाणू टोचायचा, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं साठली की रक्त काढून त्यातला पिवळसर पातळ भाग, म्हणजे सीरम, वेगळा करायचा. बर्लिनमध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये ही दिशा दाखवली आणि वैद्यकाचं पहिलं नोबेल १९०१ साली बेहरिंगना मिळालं. आपल्याकडं परळच्या हाफकिन संस्थेनं घोडे पाळून अशी सीरमं केली. साप चावल्यावर दिलं जाणारं औषध आजही घोड्याच्याच रक्तातून येतं, आणि आमच्या ऊसतोड मजुरांना त्याची गरज पडते.

जुन्या माणसांना घोड्याचं सीरम वेगळ्या रूपात आठवत असेल. लोखंड लागलं की धनुर्वाताचं इंजेक्शन. आधी मनगटाच्या वर थेंबभर औषध कातडीत टोचायचं, भोवती बॉलपेननं गोल काढायचा आणि बाकावर बसवून ठेवायचं. गोल लाल होऊन फुगला, तर ते सीरम सोसणार नाही. घोड्याचं प्रथिन काहींच्या अंगावर उठायचं, धाप लागायची, कधी जिवावर बेतायचं. शाळेत आम्ही हातावरचा तो गोल एकमेकांना दाखवत फिरायचो.

अशी सीरमं बनवण्यात पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे आणि आम्हांला तो अभिमानाचा वाटतो. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांचा व्यवसाय. शर्यतीतून निवृत्त झालेले त्यांचे घोडे सीरमसाठी हाफकिनकडं जायचे. सायरस पूनावाला यांना वाटलं, सीरम आपणच का काढू नये? १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिनं सुरुवात केली ती धनुर्वाताच्या घोडा-सीरमनंच. पन्नास वर्षांनी त्याच संस्थेनं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या मॅसबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर रेबीजविरोधी प्रतिपिंड तयार केलं, त्यात घोडा उरला नव्हता. रॅबीशिल्ड हे त्याचं नाव. मानवी प्रतिपिंडाचं एकच एक नेमकं रूप निवडून ते प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलं जातं. घोडा नको, रक्तदाता नको, पुरवठा कुणाच्या रक्तावर अवलंबून नाही. पुढं झायडसनं दोन प्रतिपिंडांचं मिश्रण असलेलं ट्विनरॅब बाजारात आणलं.

फरक आकड्यांत पाहा. वीस किलो वजनाच्या पोराला घोड्याच्या सीरमची ८०० एककं लागतात, माणसाच्या रक्तातून काढलेल्या इम्युनोग्लोब्युलिनची ४००, आणि रॅबीशिल्डची ६७ च्या आसपास. माणसाच्या रक्तातलं औषध महाग आणि कायम तुटपुंजं. घोड्याचं स्वस्त, पण पूर्वीच्या अशुद्ध रूपात भीतीचं.

अलीकडं पुतण्याच्या मुलाला पारगावच्या रस्त्यावर कुत्रं चावलं. पोटरीलाच, दोन खोल दात आणि एक ओरखडा. सुनबाईंनी पोराला उचलून सरळ अंगणातल्या नळाखाली धरलं. पोरगं रडत होतं, ती एका हातानं साबण लावत होती आणि दुसऱ्या हातानं गाडी बोलवत होती. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला, ऊस आला तसे नळ आले. चुन्याची डबी कुणी उघडली नाही. अर्ध्या तासात ते मंचरला डॉक्टरांसमोर होते.

मी पाठोपाठ गेलो. बारीक सुई. डॉक्टरांनी आधी पोराला विचारलं, कितवीला आहेस, मग एका दाताच्या खुणेच्या कडेनं सुई आत घातली आणि थोडं थोडं प्रतिपिंडांचं औषध सोडत ती फिरवली. जखमेभोवतीची कातडी पांढुरकी होऊन फुगली. मग दुसरा दात, मग ओरखडा. औषध दंडात किंवा कमरेत न देता जखमेतच का, हे मी विचारलं. ते म्हणाले, “काका, विषाणू अजून इथंच आहे. तो निघायच्या आत इथंच धरायचा.” जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ पासून हेच ठरवलं आहे की प्रतिपिंडं जखमेत आणि जखमेभोवती भरायची, उरलेलं औषध लांबच्या स्नायूत टोचायची गरज नाही. त्यामुळं एका बाटलीत जास्त माणसं वाचतात. लस दंडात, कातडीच्या वरच्या थरात, दोन्ही हातांना एकेक मसुराएवढा फोड. पुन्हा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पोटाला कुणी हात लावला नाही. पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत गेलं.

उसन्या प्रतिपिंडांचं नाव गावागावांत पोचलं ते मात्र कुत्र्यामुळं नाही, करोनामुळं. ९ मार्च २०२० ला पुण्यात पहिले रुग्ण सापडले, त्यांना नायडू रुग्णालयात ठेवलं. त्या वर्षाच्या मध्यापासून मोबाइलवर संदेश यायला लागले, अमुक गटाचा प्लाझ्मा हवा, रुग्ण पुण्यात आहे. आमच्या गावातली बरी झालेली पोरं रात्री-अपरात्री पुण्याला जाऊन प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला प्रतिपिंडं असलेला पातळ भाग, देऊन आली. ओळख ना पाळख. तात्यांना थांबवून “कितवं झालं” विचारणाऱ्या माणसांचीच ही नातवंडं, आणि त्यांचा मला आजही फार अभिमान आहे.

प्लाझ्मा शिरेतून देत, ठिबक लावून. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. दिलेल्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं पुष्कळदा विरळ होती, आणि ती मिळेपर्यंत रुग्ण फार पुढं गेलेला असायचा. १७ मे २०२१ ला प्लाझ्मा उपचार-सूचनांतून वगळला गेला. त्याच महिन्यात प्रयोगशाळेत बनवलेल्या दोन प्रतिपिंडांचं कॉकटेल सिप्लानं भारतात आणलं. एका रुग्णाला ५९,७५० रुपये. आजार सौम्य असताना, ऑक्सिजन लागायच्या आधी दिलं तरच उपयोग. आमच्या भागात किती जण एवढे पैसे मोजून, तेही धडधाकट दिसणाऱ्या माणसासाठी, पुण्याला गेले असतील? पुढं ओमायक्रॉन आला, विषाणूनं रूप बदललं आणि ती प्रतिपिंडं त्याला ओळखेनाशी झाली.

रेबीज असो, करोना असो, की आईला ब प्रकारची कावीळ असताना जन्मलेलं बाळ असो, उसन्या प्रतिपिंडांचं काम वेळेवर अवलंबून असतं. त्या बाळाला बारा तासांच्या आत ती द्यावी लागतात. रेबीजमध्ये पहिल्या दिवशी लसीबरोबरच द्यायची. राहिलीच, तर सातव्या दिवसापर्यंत. त्यानंतर शरीराचं स्वतःचं पीक उगवू लागतं आणि उसनवारीचा उपयोग राहत नाही. आमच्या काळी आणि आत्ता यांतला खरा फरक मला इथं दिसतो. तेव्हा ओढ्यापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर विषाणूच्या बाजूचं होतं. आज डांबरी रस्ता आहे, पुणे-नाशिक महामार्ग आहे, गाडी दारात आहे. तरी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीचा अंदाज आहे की देशात वर्षाला ५,७०० च्या आसपास माणसं रेबीजनं मरतात. मरण टाळायची सगळी हत्यारं हाती असताना.

गावात आता कुत्र्यांना घर राहिलेलं नाही. चिकनच्या दुकानांमागं, हॉटेलांच्या उकिरड्यांवर त्यांचे कळप असतात. कुणाचं आहे, याला उत्तर मिळत नाही. बांधून दहा दिवस बघायचं म्हटलं तर बांधणार कुणाला? आणि उसाच्या फडांमुळं बिबटे आमच्या दारापर्यंत आलेत. जुन्नर-आंबेगावात आता आम्ही संध्याकाळी पोरांना अंगणात एकटं सोडत नाही. बिबट्या मानेला धरतो, आणि मान मेंदूच्या अगदी शेजारी. त्याच्या ओरखड्यालाही रेबीजची लस आणि प्रतिपिंडं दोन्ही लागतात.

बिबट्यानं कुणाला ओरबाडलं तर वन खात्याची गाडी येते, पंचनामा होतो, बातमी छापून येते, आणि त्या माणसाला उचलून रुग्णालयात नेलं जातं. तिथं डॉक्टर जखमेत प्रतिपिंडं भरतात. कुत्रं चावलं तर यातलं काही होत नाही. अजूनही बांधावर कुणी म्हणतं, “जाऊ द्या, ओळखीचंच दिसतंय, एक लस घेतली की झालं.” मागल्या महिन्यात असं म्हणणाऱ्या एका शेजाऱ्याला मी गाडीत घातलं. रस्ताभर तो कुरकुरत होता, उसाला पाणी द्यायचं राहिलंय म्हणून. डॉक्टरांनी करंगळीशेजारची जखम बघितली, बोटांना मज्जातंतू फार दाट असतात म्हणाले, आणि नर्सबाईंना प्रतिपिंडांची बाटली काढायला सांगितली.